देवाचं पोट मोठं

त्याचं नाव मी विचारलं नाही. रत्नागिरीजवळच्या आमच्या देवळात तो एकदाच आला, बोटाभोवती गाडीची किल्ली गरागरा फिरवत. बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर. तिथं अमोनिया गळून ऑपरेटर भाजला होता, म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. गुरवांनी बोलायचं आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा, ही आमची रीत.

गुरवांनी नारळ हातात घेतला. "बा महाराजा, लेकरांच्या हातून काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल..."

"व्हय महाराजा!" आम्ही ओरडलो.

"थांबा," तो म्हणाला. "लेकरांच्या नको, माझ्या हातून म्हणा. व्हॉल्व्ह बदला म्हणून ऑपरेटर कानीकपाळी ओरडत होता. सीझन संपू दे, असं मीच म्हटलं."

गुरवांनी तसं म्हटलं. आता मात्र कुणाची जीभ रेटेना. तो आमच्याकडे बघत किल्ली फिरवत राहिला. शेवटी आम्ही म्हटलं, "व्हय महाराजा."

प्रसाद घेतानाच त्याचा फोन वाजला. पायरीवर जाऊन तो हळूच म्हणाला, "नाही सर, मशीन ठीक होतं. ऑपरेटरचाच निष्काळजीपणा."

देवानं घातलं असेल पोटात. देवाचं पोट मोठं. मी माझा 'व्हय महाराजा' परत मागायला कुणाकडे जाऊ?