परतीचा थांबा

बस आली की माणसं दाराकडे धावतात. काका आधी रस्त्याच्या पलीकडे बघायचे. पलीकडे परतीचा थांबा आहे का, त्याच्यावर पाटी कुठली, तिथे कोणी उभं आहे का, हे सगळं शांतपणे न्याहाळून झालं की मग ते बसकडे वळायचे. तोवर बस कधीकधी निघूनही जायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "जाणारी काय, कुठलीही जाते. परतीची बघितलीस का?" मी त्यांच्याकडे राहत होते त्या तीन वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे ते तोंड उघडायच्या आतच मी "बघितली" म्हणून मोकळी व्हायचे.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. इस्त्रीचा जुना शर्ट, खिशाला पेन, मनगटावर पाच मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ. आमचे काका शहराच्या बससेवेत टाइमकीपर होते. थांब्यावरच्या टपरीएवढ्या केबिनमध्ये बसायचं आणि कुठली बस किती वाजता आली, किती वाजता सुटली ते लिहायचं, एवढंच काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या घरात खाली ते एकटे राहत. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन अमेरिकेत. वरच्या दोन खोल्या नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्यानं दिलेल्या, त्यातली एक मी, वर्ध्याहून आलेली.

तेव्हा कॉम्प्युटर शिकलेल्या प्रत्येकाला पुण्यात नोकरी मिळते अशी आमच्याकडे हवा होती. मला मिळाली ती शनिवार पेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये. सहा कॉम्प्युटर, नऊ माणसं. पहिल्याच आठवड्यात मी थांब्यावर एका गृहस्थांना विचारलं, ही बस शनिवारवाड्याला जाते का. ते म्हणाले, पाटी काय शोभेला लावलीये का, आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी इतकी ओशाळले की ती बस सोडून दिली. संध्याकाळी काकांना म्हटलं, "काका, सकाळी अर्धा तास उभी होती, दुसरी बस येऊनच नाही राहिली." ते न हसता म्हणाले, "येऊनच राहिली तर जाईल कधी?" आणि आत जाऊन एक वही घेऊन आले.

ही वही म्हणजे काकांचं खरं घर होतं. लांबट, जाड पुठ्ठ्याची, आणि प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले रकाने: बसचा नंबर, चढायचा थांबा, उतरायची खूण, परतीचा थांबा, शेवटची बस. अगदी उजवीकडचा रकाना शेऱ्याचा. त्यात दोनच प्रकारचे शेरे असत, "स्वतः बघितले" नाहीतर "ऐकीव". ज्या मार्गापुढे "ऐकीव" लिहिलंय तो काका कुणालाही सांगत नसत, अगदी गयावया केली तरी. "ऐकीव माहितीवर माणसाला घराबाहेर काढायचं नाही," म्हणायचे. दर गुरुवारी डबा घेऊन ते बाहेर पडत, एखाद्या ऐकीव मार्गावर शेवटच्या थांब्यापर्यंत जात, परत येत आणि तो शेरा खोडून "स्वतः बघितले" लिहीत. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

रविवारी सकाळी ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसत. गल्लीतल्या खोल्यांमधून राहणारे सगळे नवखे, कोणी लातूरचे, कोणी अकोल्याचे, त्यांच्यापुढे उभे राहत आणि ते प्रत्येकाला चिठ्ठी लिहून देत. माझा भाऊ लोणी काळभोरच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला आला तेव्हा आम्हाला मिळालेली चिठ्ठी मला अजून पाठ आहे. डाव्या हाताला वडाचं झाड आलं की उठून दारापाशी यायचं, कंडक्टरला विचारायचं नाही, तो तोवर झोपलेला असतो. आम्ही बरोबर उतरलो. कंडक्टर खरोखरच झोपला होता. तिथे उगाच खात्री करावी म्हणून मी एका आजोबांना परतीच्या बसचं विचारलं, तर ते म्हणाले, "हितंच हाय, पर पाचच्या म्होरं न्हाय." चिठ्ठीत शेवटची बस पाचची लिहिलेली होती. घरी येऊन हे सांगितल्यावर काका थोडे दुखावले. म्हणाले, "म्हणजे तू विचारलंस."

मग कंपनी मोठी झाली, पेठेतून बाहेर पडली, आणि मला अमेरिकेला पाठवायचं ठरलं. शहर नेमकं काकांची मुलगी राहत होती तेच. त्या शहराचं नाव मी सांगत नाही, कारण त्या शहराचा किंवा तिथल्या बसचा यात काही दोष नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मला समोर बसवलं. मुलगी पाच वर्षं बोलवत होती आणि ते टाळत होते. ती म्हणायची, इथे बसनं फिरता येत नाही. जावई म्हणायचा, बस आहे पण तिनं कोणी जात नाही. "दोघांनीही बघितलेलं नाही," काका म्हणाले. "तू बघ आणि मला लिही. कुणी फिरवेल तेव्हा फिरायचं आणि एरवी खिडकीत बसायचं, असा मी जाणार नाही. पण एक बस मला माझी माझी धरता आली तर जाईन. तू लिहिलंस तर जाईन."

मी हो म्हटलं. ते सोपं होतं.

तिथे आम्ही पाच जण एका घरात राहत होतो आणि त्यातल्या एकाकडे गाडी होती. ऑफिसला गाडी, किराण्याला गाडी, देवळात गाडी. बसथांबा घरापासून चार मिनिटांवर होता. माझ्या बरोबरचा एक जण म्हणाला होता की बसनं इथे फक्त म्हातारे आणि ज्यांना परवडत नाही ते जातात. मी नवा कोट घेतला होता, आणि तो घालून त्या थांब्यावर उभं राहायची मला लाज वाटत होती. हे कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुण्याच्या बसनं मला त्या शहरापर्यंत आणलं होतं आणि मला तिथे बसची लाज वाटत होती.

काकांची पत्रं येत होती. एका पत्रात खुशाली आणि शेवटी, बस बघितलीस का. दुसऱ्यात खुशाली थोडी कमी. तिसऱ्यात फक्त प्रश्न. मग एका रविवारी दुपारी मी वाचनालयातून आणलेलं बसच्या वेळापत्रकाचं पत्रक पुढ्यात घेतलं आणि उत्तर लिहिलं. मुलीच्या घराजवळच्या थांब्यापासून सार्वजनिक वाचनालयापर्यंतचा मार्ग, हुबेहूब त्यांच्या रकान्यांत बसेल असा. चढायचा थांबा, उतरायची खूण म्हणून गाडीतून पाहिलेली पाण्याची टाकी, वेळा. परतीचा थांबा? मी लिहिलं, समोरच, त्याच नंबरची, संध्याकाळी सहापर्यंत. कर्वे रस्त्याला असतो तसा समोर असणार, त्यात काय बघायचं. शेवटी जिवंतपणा यावा म्हणून मी एक ड्रायव्हरही घातला, चढताना "गुड मॉर्निंग" म्हणणारा. खाली लिहिलं, मी स्वतः जाऊन आले.

पत्रकाच्या मागच्या बाजूला शनिवारचं वेगळं वेळापत्रक होतं. मी पान उलटलंही नव्हतं.

दोन महिन्यांत माझी दुसऱ्या शहरात बदली झाली आणि थंडी सुरू होता होता काका मुलीकडे येऊन पोचले. पंधरा दिवसांनी मी खुशाली विचारायला फोन केला तर मुलगी रडवेली झाली होती. आदल्या शनिवारी ती आणि नवरा कामासाठी बाहेर गेलेले असताना बाबा एकटेच बसनं वाचनालयात गेले. जाताना सगळं बरोबर झालं. परत यायला समोरच्या थांब्यावर उभे राहिले. तो रस्ता एकेरी, परतीची बस मागच्या रस्त्यावरून जाते, आणि शनिवारी शेवटची दोनला सुटते. ते तीन तास उभे होते. कुणाला विचारलं नाही. अंधारून आलं, बर्फ पडायला लागलं, तेव्हा पोलिसांची गाडी थांबली. बाबांनी खिशातला पत्ता दाखवला. पोलिसांनी घरी आणून सोडलं तेव्हा शेजारी दारात येऊन बघत होते आणि बाबांना बोटं मिटता येत नव्हती.

"अहो, तीस वर्षं बसमध्ये काढलेला माणूस," ती म्हणाली. "मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं असं जायला? तर म्हणाले, कुणी नाही. माझीच चूक, मी परतीची बघितली नाही."

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "असं कसं झालं हो," आणि काळजी घ्या म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर त्यांना एकटं बाहेर सोडलं नाही. सहा महिन्यांसाठी गेलेले काका दोन महिन्यांत परत आले.

पुढच्या वर्षी मी पुण्याला परतले आणि त्यांना भेटायला गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते, वाक्यंसुद्धा जुळवली होती. रविवार सकाळ होती. फाटकापाशी खुर्ची नव्हती. त्यांनी चहा केला, माझ्या आईची चौकशी केली. तेवढ्यात वरच्या खोलीतली नवी मुलगी खाली आली. बिचारी दोन दिवसांपूर्वी आलेली, शनिवार पेठेत कुठल्या बसनं जाऊ म्हणून विचारायला लागली. मला तो मार्ग झोपेतसुद्धा सांगता आला असता. काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"रिक्षा करा," ते म्हणाले.

ती गेल्यावर मी कप खाली ठेवला. मग काका एकदम हसले आणि म्हणाले, "तुझा ड्रायव्हर मात्र अगदी तू लिहिलंस तसा. चढलो तर गुड मॉर्निंग म्हणाला मला." मीही हसले. त्या हसण्यानंतर काही सांगणं मला जमलं नाही. निघताना त्यांनी विचारलं, परत कशी जाणार. मी म्हटलं, गाडी आणलीये. "बरं केलंस," ते म्हणाले आणि फाटकापर्यंत आले.

दीड वर्षानं ते गेले. मुलगी घर आवरायला आली होती, तिनं मला बोलावून ती वही दिली. म्हणाली, तुम्हालाच याचं काही वाटेल. मग सहज बोलता बोलता म्हणाली की तिकडे असताना बाबा गाडीत बसले की त्या वाचनालयाजवळून हळू न्यायला सांगायचे, दर वेळी, आणि खिडकीतून काय बघत असायचे देव जाणे.

ते काय बघत होते ते मला वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर मिळालं. माझा मार्ग होता, त्यांच्या अक्षरात, माझ्या पत्रावरून उतरवलेला. परतीच्या रकान्यातलं "समोर" एका रेघेनं खोडून त्याच्यावर लिहिलं होतं, मागचा रस्ता, बँकेच्या कोपऱ्यावर, हिरवी पाटी. सहा खोडून, शनिवारी दोन. पुढच्या कुणाची चूक होऊ नये म्हणून त्या माणसानं दुसऱ्याच्या गाडीच्या काचेतून एवढं टिपून आणलं होतं.

शेऱ्याचा रकाना मात्र जसाच्या तसा होता. तिथे लिहिलं होतं, "स्वतः बघितले", आणि पुढे कंसात माझं नाव.

बाकी सगळं त्यांनी दुरुस्त केलं आणि तेवढं राहू दिलं. ते विसरले असतील असं मला म्हणता येत नाही, ते काही विसरत नसत. आता ते दोन शब्द खोडून तिथे "ऐकीव" लिहायचं काम माझं आहे. वही माझ्या टेबलावर असते, शेजारी पेन असतं, आणि मी पान उघडून परत मिटते.