मोरचुदातली किल्ली

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न शेजाऱ्यांच्या ओढणीत लागलं, आणि त्याला जबाबदार लोखंडाचा अणू होता.

हैदराबाद नुकतंच हिंदुस्थानात सामील झालं होतं. गडबडीमुळे लांबलेलं कुसुमचं लग्न अखेर आमच्या नल्लकुंट्याच्या घरी ठरलं. नवरदेव रसायनशास्त्राचे लेक्चरर, आणि मी इंटर सायन्सला (म्हणजे जवळजवळ बरोबरीचाच!). त्यांच्यावर छाप पाडायला मी बेगम बाजारातून मोरचूद आणलं, पाण्यात विरघळवलं आणि आईच्या ट्रंकेची लोखंडी किल्ली त्यात सोडली. तिच्यावर तांबं चढणार होतं.

कुसुमला मी समजावलं, की अणूत जितका धनभार तितकाच ऋणभार, म्हणून तो उदासीन. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, त्याच्यावर भार चढून आयन होतो आणि पाण्यात उतरतो. मोरचुदातला तांब्याचा आयन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि पुन्हा अणू होऊन किल्लीवर बसतो.

"लोखंड पाण्यात उतरलं, तर किल्लीत काय उरतं?" तिने विचारलं.

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो आणि मांडवाच्या कामाला गेलो.

किल्ली रात्रभर तशीच राहिली. सकाळी काढली तर छान तांबूस! जरा पुसली, आणि दातेच गळून पडले. लग्नाचा शालू ट्रंकेत, मुहूर्त तोंडावर. पहारीने कुलूप तुटेना, पहारच वाकली. बाबा एरवी अणूइतके उदासीन, पण त्या दिवशी त्यांच्यावरही भार चढलेला मी पाहिला. आई रडायला लागली.

रडणं ऐकून शेजारच्या खालाबी आल्या. त्या दिवसांत आमची दोन्ही घरं दारं लावून बसायची, भिंतीवरून बोलणंही थांबलं होतं. त्यांच्या हातात लाल जरीची ओढणी होती.

"रोते कायकू, माँ? मेरे शादी की है. बच्ची तो हमारीच है ना."

आई कडक सोवळ्यातली. तिने ती ओढणी दोन्ही हातांनी घेतली आणि साध्या लुगड्यावर कुसुमला पांघरली. माझ्या मूर्खपणामुळे ते बंद दार उघडलं, याबद्दल मी आजही खालाबींचा ऋणी आहे.

मंगलाष्टकं झाल्यावर नवरदेवांनी किल्ली निरखून पाहिली. "प्रयोग उत्तम झालाय," ते म्हणाले. ओढणीतून आवाज आला, "मी विचारलं होतं."

खालाबींनी ओढणी परत घेतली नाही. कुसुमने ती स्वतःच्या ट्रंकेत जपून ठेवली आहे. त्या ट्रंकेची किल्ली कुठे असते, ते मला सोडून घरात सगळ्यांना माहीत आहे!