यांच्या पुस्तकांच्या टोपल्या

मी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करते हे इथे गुजरातेत, अकोट्याच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मेथीचा वास. रद्दी फाडून टबात भिजवायची, मऊ झाली की पिळून वाटायची आणि त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची. मेथीनं लगदा चिकट होतो, शिवाय कीड लागत नाही. मग पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं पसरायचं, आणि वर थापत बसायचं. कुणी शिकवलं नाही मला. लहानपणी बायकांना करताना बघितलं होतं, बाकीचं चुकत चुकत आलं. पहिली टोपली खाली ओट्यावर वाळत ठेवली, तर गाय निम्मी खाऊन गेली. शेजारच्या बेन वर म्हणतात, "मासी, मेथी नाखी छे तो गाय खाय ज ने!" मेथी घातली तर गाय खाणारच म्हणे. तेव्हापासून सगळं बाल्कनीत.

तर एका सकाळी चहा पिताना आमचे हे एकदम म्हणाले, "रद्दी कशाला मागत फिरतेस? माझी पुस्तकं घे की."

मी बशी खाली ठेवली. यांची पुस्तकं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. यांनी जन्मभर कॉलेजात शिकवलं. पगार झाला की आधी पुस्तक, मग किराणा. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत त्यांनी भरलीय, सगळी मराठी. आणि घरात ती वाचणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही. मुलगा मराठी बोलतो, वाचायचं म्हटलं की जांभया देतो. सून गुजराती. आणि यांच्या डोळ्यांचं असं झालंय की मधलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. पडद्याचा आजार आहे, आहे तेवढं जपा, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं. मी वाचून दाखवते म्हटलं, तर "मी काय लहान आहे?" म्हणाले होते.

आणि आता म्हणे घे.

"थट्टा करताय का?"

"नाही."

"माझ्यावर चिडलाय?"

"चहा थंड होतोय तुझा."

झालं! खरंच घे म्हणाले, की रागानं म्हणाले, की मी नको म्हणावं म्हणून म्हणाले? घेतली तर म्हणतील, तुला माझ्या पुस्तकांची किंमत नव्हतीच. नाही घेतली तर म्हणतील, मी सांगितलेलं ऐकत नाहीस. मी सुनेला विचारलं.

"पप्पाए कीधुं छे तो लई लो ने, मम्मी." पप्पा म्हणालेत तर घेऊन टाका, झालं.

"अगं पण मनापासून म्हणाले का?"

"मम्मी, इतक्या वर्षांत तुम्हाला नाही समजलं, तर मला कसं समजणार?" असं म्हणून ती डबा उचलून ऑफिसला गेली.

बरेच दिवस मी त्या भिंतीसमोर नुसती जाऊन उभी राहत होते. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी मी. दसऱ्याला गंधफूल वाहायचं आणि आता पाण्यात बुडवायचं? मग मला वाटलं, गणपतीसुद्धा आपण बुडवतोच की! पण उत्तरपूजा करून. म्हणून मी कव्हर गेलेली एक जाडशी कादंबरी काढली, पाटावर ठेवली, अक्षता वाहिल्या, गुळाचा नैवेद्य दाखवला आणि पुस्तक जागचं थोडं हलवलं. बरोबर केलं की चूक, देव जाणे. पुस्तकाची उत्तरपूजा कुणी सांगितलीय म्हणून मला माहीत नाही.

घंटेचा आवाज ऐकून हे भिंतीला हात लावत आले. "आज काय आहे?"

"तुमच्या पुस्तकाची उत्तरपूजा."

"नैवेद्य कसला?"

"गूळ."

"मग इकडे दे. ते काही खायचं नाही." आणि गूळ तोंडात टाकून म्हणाले, "कोणतं आहे?"

"वरचं पान गेलंय."

"थोडं वाच."

मी चार ओळी वाचल्या. "हे नको," म्हणाले. "दुसरं काढ." दुसरं काढलं, तेही नको. मग तिसरं. जेवणवेळ झाली तरी फरशीवर ढीग आणि टब कोरडा. शेवटी माझा आवाज चढला. "अहो, द्यायची नाहीत तर घे घे म्हणता कशाला?"

तेव्हा म्हणाले, "समोर उभा राहिलो की एकही दिसत नाही गं. पण जेवायच्या टेबलाकडे जाताना कडेनं सगळी दिसतात. ओळीनं उभी, स्वच्छ. मान वळवली की गायब. येता-जाता हेच. चिडवतात मला."

ठेवली तरी त्रास आणि भिजवली तरी त्रासच.

त्यांनीच मग बसायला वेताचा मोडा ओढला, चाचपून ती पहिली कादंबरी उचलली आणि म्हणाले, "एक एक पान वाच आणि मला दे." मी वाचायचं, त्यांनी ते शिवणीपासून अलगद सोडवून टबात सोडायचं. तेव्हापासून रोज सकाळी आमचं हेच चाललंय. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. सून तर वाकून बघते आणि हळूच निघून जाते.

ती कादंबरी म्हणजे एका मास्तरांची गोष्ट होती. भावाशी भांडण होऊन ते तळ्याकाठी वेगळं घर बांधतात. मी अगदी गुंतले होते. नेमकं भाऊ भेटायला निघतो तिथे दूध उतू गेलं म्हणून मी उठले. परत येते तो यांनी पानांचा गठ्ठाच टबात बुडवलेला.

"अहो, काय केलंत! भाऊ आला की नाही?"

"आला ना," हे म्हणाले. आणि डोळे मिटून सांगायला लागले. भाऊ रात्री येतो, दिवा जळताना बघतो, कडी वाजवत नाही. ओट्यावर बसून आतला खोकला ऐकत राहतो. पहाटे आईचा तांब्या दाराशी ठेवून निघून जातो. इतकं सावकाश सांगितलं की कालवायला घेतलेल्या मेथीत माझा हात तसाच राहिला. डोळे गेल्यापासून यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"हे पुस्तकात होतं?"

"मग कुठे होतं? पुढचं वाच."

मी पुढचं पान घेतलं. तर भाऊ मास्तरांच्या ओसरीवर बसून शेंगा सोलतोय आणि दोघं हसतायत!

"अहो, हा तर इथेच आहे. पहाटे निघून गेला म्हणालात ना?"

"परत आला असेल," हे म्हणाले, आणि पान घ्यायला हात पुढे केला.

मी टबात हात घालून बघितला. पानं आधीच्या भिजलेल्या पानांत मिसळून चिकटली होती, एक ओळ लागेना. यांना पाठ होतं, की आठवलं त्यात गाळलं, की तिथल्या तिथे रचलं, मला आजही सांगता येत नाही. विचारलं की म्हणतात, "तू दूध बघायला का गेलीस?"

आताशा मात्र एखाद्या जागी मी मुद्दामच उठते.