विसाला थांबायचं

मुलीने आज डायनिंग टेबलावर फासा टाकला, आणि त्या आवाजासरशी मला शुगर लँड गावातली ती उकाड्याची दुपार आठवली.

लग्नानंतर मी नुकतीच अमेरिकेत आले होते. माझा नवरा समीर याच्या ऑफिसातले सीनियर विनूकाका यांच्या घरी फाशाच्या खेळाची स्पर्धा होती. आपल्या डावात फासा हवा तितक्या वेळा टाकायचा, पडेल ते दान बेरजेत धरायचं, थांबलं की ती बेरीज पक्की. पण एक पडला की त्या डावातली सगळी कमाई गेली. आधी शंभर करेल तो जिंकला.

मी नागपूरची गणितातली एम.एस्सी. डावात वीस जमल्यावर आणखी टाकण्यात फायदा नाही, हे मी मनात मांडलं आणि दर वेळी तिथेच थांबले. काका टाकत राहायचे आणि घालवून बसायचे. माझे शंभर आधी झाले.

"थांब, लास्ट चान्स सगळ्यांना मिळतो," काका म्हणाले.

"हा रूल आधी सांगितला नव्हता, काका."

"अगं, बिगिनर्स लक तुझं! इतकं सीरियस काय घेतेस?"

काकांनी पुन्हा फासा घेतला, ते माझ्या पुढे गेले आणि टाळ्या पडल्या. मी समीरकडे पाहिलं. तो हसत होता.

गाडीत बसून काचा वर केल्यावर तो म्हणाला, "यार, तू बरोबर होतीस."

"मग आत का नाही बोललास?"

त्याने नुसता एसी वाढवला.

काकांवरचा राग केव्हाच गेला. बंद काचांआडचं ते 'बरोबर' मात्र मला अजूनही सहन होत नाही.