टिनाच्या शेडातली सवत

माझ्या सवतीला मी पहिल्यांदा पाहिलं ते चांद्याला, एका टिनाच्या शेडात. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, रंगाचे पोपडे उडालेले, नाकावरच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं. लढाईतलं निकामी विमान होतं ते. मुलांना विज्ञान कळावं म्हणून काही हौशी मंडळींनी एका शाळेच्या आवारात छोटंसं संग्रहालय काढलं होतं. त्यात दुर्बीण होती, बाटल्यांत बुडवलेले साप होते, माणसाचा सापळा होता आणि सगळ्यांच्या मागे हे धूड होतं.

तेव्हा आम्ही बल्लारपूरला राहत होतो. आमचे हे कागद कारखान्यात फिटर. लग्नाच्या आधी, लढाई चालू असताना, ते आसामात विमानं दुरुस्त करायला होते, एवढं मला ठाऊक होतं, आणि तेही सासूबाईंनी सांगितलं म्हणून. सहा वर्षांच्या संसारात ह्यांचं माझ्याशी बोलणं म्हणजे भाजीत मीठ कमी आहे नाहीतर छत्री सापडत नाही. स्वभावच अबोल, असं सगळे म्हणत. मीही तेच म्हणून स्वतःची समजूत घालत असे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही नागभीडकडे, माझ्या सासरच्या गावाला निघालो होतो. त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने हळद आणि लोणी चोळायचं आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. घरची गाय आटली होती, तेव्हा लोणी सुनेनेच आणावं असा सासूबाईंचा निरोप होता. मी आठ दिवस साय साठवून लोणी काढलं होतं आणि त्याचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले होते.

चांद्याला गाडी थांबली तसे हे उठले आणि म्हणाले, "उतर. एक इमान पाहाचं हाये. दुपारच्या गाडीनं जाऊ."

ह्यांना मला काहीतरी दाखवायचं आहे, असं मला वाटलं. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं. मी पदर सारखा केला, डबा आणि पिशवी सावरली आणि नव्या नवरीसारखी मागोमाग निघाले.

शेडात पाय ठेवला आणि मी ह्यांच्या लेखी नाहीशीच झाले. ह्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली. मग वाकून पोटाखाली पाहिलं. मग एकेक खिळा बोटाने चाचपत शेपटीपर्यंत गेले आणि परत आले. पंख जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे तळहात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मला आदल्या वर्षी हिवताप झाला होता. तेव्हाही माझ्या कपाळावर तो हात एवढा वेळ थांबला नव्हता.

तिथला चौकीदार गावातलाच एक म्हातारा मुसलमान गृहस्थ होता. हे विमान ओळखीचं आहे काय, एवढंच त्याने विचारलं, आणि आमचे अबोल गृहस्थ जे सुरू झाले ते थांबेचनात. आसामातला पाऊस, बुटात शिरणाऱ्या जळवा, पंखाखाली ताडपत्री अंथरून काढलेली झोप, इंजिनाच्या आवाजावरून दुखणं कसं ओळखायचं, सगळं त्या परक्या माणसाला सांगितलं. मधेच मोठ्याने हसले. ह्यांची मागची एक दाढ पडलेली आहे हे मला त्या दिवशी कळलं, कारण एवढं तोंड उघडून हसताना मी ह्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

माझा नुसता जळफळाट होत होता. दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, निदान चारचौघींत तिच्या नावाने बोटं मोडली असती. पत्र्याच्या नावाने बोटं मोडायची तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

त्यात ह्यांनी हात पुढे केला. "डबा दे."

मला वाटलं, मी अवघडले असेन म्हणून धरताहेत. डबा दिला. हे बाहेर गेले, कुंपणाजवळच्या पळसाचं पान तोडून आणलं, माझ्या पिशवीतली हळदीची पुडी काढली आणि त्या विमानाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायला लागले. खालून वर, सावकाश, थेट बैलाला चोळतात तसं. चौकीदार पुढे झाला, पण ह्यांचा चेहरा पाहून मागे सरला. चोळून झाल्यावर हे हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग मात्र माझा तोल सुटला. "बैलाचं लोनी हाये ते. आठ दिवस खपली मी त्याच्यासाठी."

"यानं बी ओढलं हाये," हे म्हणाले.

"अन् मी?" मी म्हटलं. "मले कदी कोनी आवतन देल्लं?"

घरात सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी बसणारी मी. मला जेवायला ये असं म्हणायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. ह्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि आम्ही स्टेशनवर आलो.

गाडीला तासभर अवकाश होता. बाकाच्या एका टोकाला हे बसले, दुसऱ्या टोकाला मी. शेवटी न राहवून विचारलं, "त्या चौकीदाराले सारं सांगतलं. मले काऊन नाई सांगत?"

ह्यांनी बोटांना राहिलेली हळद रुमालाने पुसली. मग म्हणाले, "त्याले अर्धंच सांगतलं."

आणि उरलेलं अर्धं मला सांगितलं. ह्यांच्याकडे असंच एक विमान होतं. ते उडवणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा रोज निघण्याआधी विचारायचा, ठीक आहे ना? हे पंखाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, ठीक आहे. एका सकाळी असंच ठीक आहे म्हटलं आणि तो परत आला नाही. ह्यांना कोणी बोल लावला नाही. काय झालं तेही कधी कळलं नाही. हे मात्र तीन दिवस मैदानाच्या कडेला बसून होते, न जेवता.

"हे तेच इमान होय?" मी विचारलं.

"ते कुठचं. ते आलंच नाई ना."

एवढं बोलून ह्यांनी तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले. फलाटावर माणसं होती, म्हणून मी सरकून जवळ बसले आणि पदराने आडोसा केला. नवरा लहान पोरासारखा रडत होता, कुणा आईचा मुलगा मेला होता, आणि मी मात्र मनातून खूश होते. चौकीदाराला अर्धं मिळालं होतं. मला पुरतं मिळालं. त्या खुशीची लाज मला वाटली, फार वाटली, पण पुष्कळ वर्षांनी.