परत न आलेलं पार्सल

ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत मी काच फुंकायचो, आणि म्हातारा ब्राकहान काचेवर लोखंडाचा कीस भुरभुरून, टिचकी मारून विद्यार्थ्यांना चुंबकाचं क्षेत्र दाखवायचा.

एकाने डिवचलं, "काका, हे क्षेत्र खरंच असतं, की नुसती गणिताची सोय?"

ब्राकहान उखडला. "सोय कसली डोंबलाची! चुंबक आत्ता नाहीसा झाला, तरी लांबच्या होकायंत्राच्या सुईला ते लगेच कळत नाही. तोवर वाटेत जे असतं, ते खोटं? माझा मुलगा डेटलेफ महायुद्धात मारला गेला, अशी तार आली. त्यानंतर आठवड्याने त्याचं पत्र आलं, 'बाबा, मोजे पाठवा.'"

"मग?"

"आमच्या हिने विणले, मी टपालात टाकले. मेलेल्याच्या नावाचं पार्सल परत येतं रे. ते अजून आलेलं नाही."