शेपटाचा आधार

स्टुडिओच्या मागच्या खोलीत, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि स्पंजच्या ढिगात वहिनींचं शिवणयंत्र होतं. कुणाचा तरी मोठा राक्षसपट येणार अशी कुणकुण लागली, की शेठ तसाच एक स्वस्तातला काढायला घेत, आणि त्यातला राक्षस वहिनी शिवत. आत शिरायचे त्यांचे यजमान. पुठ्ठ्याच्या इमारती तुडवण्यात त्यांचा हातखंडा, म्हणून सगळे त्यांना राक्षसदादा म्हणत.

या वेळी शेठ येऊ घातलेल्या एका मोठ्या सिनेमाचं पोस्टर घेऊन आले ते जरा ओशाळतच.

"वहिनी, दादांना आता विश्रांती द्या. मागच्या वेळी पुलावर तोंडघशी पडले. पूल आपला खोटा होता, पण गुडघे खरे आहेत ना! सर्कशीतला एक जण बघून ठेवलाय."

दादा दारातच उभे होते. घरी जेवण झाल्यावर म्हणाले, "अगं, माणूस म्हणून मला कोण काम देणार?"

वहिनींना हसू आलं, आणि मग आलं नाही.

मूळ सिनेमा लागण्याआधी आपला लावून मोकळं व्हायचं, ही शेठची रीत. म्हणजे नक्कल करायची ती नुसत्या पोस्टरवरून. त्यात तो प्राणी फक्त समोरून दिसत होता.

"याला शेपूट आहे का हो?" वहिनींनी विचारलं.

"एवढं धूड आहे, असणारच की. पण हलकं करा, उड्या मारायच्यात."

वहिनींनी ते चांगलं जड केलं. आत लोखंडी नळी, खाली ऑफिसातल्या मोडक्या खुर्चीची चाकं, आणि कमरेच्या खाली गादी शिवलेली फळी. मग दादांना आत चढवून त्यांनी शेठना बोलावलं. "एकदा बघा, मग काय ते ठरवा."

दादा दोन इमारतींच्या मधून आले. दमले की मागे टेकायचे, दम घ्यायचे आणि मान हळूच वळवायचे. टेकलेला राक्षस काहीतरी भयंकर ठरवतोय असं वाटायचं. शेठ बराच वेळ बघत राहिले.

"उड्या राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "सर्कसवाल्याला मी कळवतो."

त्यांचा सिनेमा आला आणि बेतानं चाललाही. मग मूळ सिनेमा लागला. शेठनी सगळ्यांना दाखवायला नेलं. पडद्यावरचा प्राणी पाठमोरा झाला, आणि शेपटाचा पत्ताच नाही! शेठनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, बुडवलंत मला!"

"असणारच की, असं कोण म्हणालं होतं?"

दादांचं लक्षच नव्हतं. ते पुढे वाकून त्या अवाढव्य प्राण्याची चाल निरखत होते.

"बघ गं," ते हळहळले, "बिचाऱ्याला टेकायलासुद्धा काही नाही."